करवियलें : रून लिपीच्या मागावर आठ दिवस

दिवस पहिला : कोपनहेगन

सईला गोंदवून घ्यायचं होतं, तिथून हे सगळं सुरू झालं. सई म्हणजे माझी भाची, स्वीडनमध्ये लुंडला शिकते. ताईने फोनवर मला गळ घातली, "तू जातेयस ना तिच्याकडे, तेवढं डोक्यातून काढ तिच्या." मी म्हटलं, बघते. आमच्या आजीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण होतं, तेव्हा कोणत्या तोंडाने मनाई करायची?

विमानतळावर सई भेटली ती गळ्यात एक पदक घालूनच. आठ आरे असलेलं चक्र, प्रत्येक आऱ्याच्या टोकाला वेगळी फुली नाहीतर कंस. "मावशी, हे वेग्विसिर. वायकिंगांचं होकायंत्र. हेच काढायचंय मनगटावर." मी गप्प बसले. घरी थोडं वाचून निघाले होते, त्यामुळे माहीत होतं की हे चिन्ह आइसलँडच्या एका हस्तलिखितात मिळतं आणि ते हस्तलिखित १८६० चं आहे. म्हणजे आपल्याकडे मुंबई-ठाणे आगगाडी धावायला लागल्यावर सात वर्षांनी लिहिलेलं! वायकिंग काळ त्याआधी आठशे वर्षं संपलेला. पण पहिल्याच दिवशी कशाला विरस करायचा, म्हणून संग्रहालयात गेलो.

डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात मला सर्वात आधी पाहायची होती एक फणी. फ्यून बेटावरच्या विमोस नावाच्या दलदलीतून निघालेली, शिंगाची, बोटाएवढी. तिच्यावर पाच अक्षरं कोरलीत : 'हार्या'. रून म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीची अक्षरं, आणि इसवी सन १६० च्या सुमाराची ही फणी म्हणजे ज्याचा काळ खात्रीने सांगता येतो असा सर्वात जुना रून लेख. हार्या हे बहुधा माणसाचं नाव. इतक्या गूढ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या लिपीचा पहिला पुरावा काय, तर कंगव्यावर घातलेलं नाव! आपण स्टीलच्या भांड्यांवर घालून आणतो तसं.

पुढच्या दालनात गालेहूसच्या सोन्याच्या शिंगांच्या प्रतिकृती. प्रतिकृती अशासाठी की मूळ शिंगं १८०२ मध्ये नील्स हायडनराइक नावाच्या सोनाराने चोरली आणि वितळवून टाकली. एक शिंग १६३९ मध्ये एका मुलीला सापडलं होतं, दुसरं जवळच १७३४ मध्ये. दुसऱ्यावर, साधारण इसवी सन ४०० च्या काळातली, एक ओळ होती : 'एक ह्लेवागास्टिझ होल्टियाझ होर्ना ताविदो'. मी, होल्टचा ह्लेवागास्टिझ, हे शिंग केलं. (इथला 'एक' म्हणजे 'मी'.) 'ह' ने सुरू होणारे तीन शब्द ओळीत असे बसलेत की ओळ म्हणताना ठेका आपोआप येतो. आणि 'होर्ना' हा शब्द आपल्या 'शृंग'चा लांबचा भाऊ आहे असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. सईने ओळ दोनदा मोठ्याने म्हटली. शेजारच्या आजोबांनी वळून पाहिलं.

निघता निघता स्नोल्देलेवचा दगड दिसला. नवव्या शतकातला. त्यावर तीन शिंगं एकमेकांत गुंफलेली आणि बाजूला चक्क स्वस्तिक. दिवाळीत उंबऱ्याशी काढतो तेच. सई चपापली, "हे इथे?" इथे तर हजारो वर्षं होतं ते. विटाळलं ते विसाव्या शतकात. गीडो फॉन लिस्ट नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १९०८ मध्ये स्वतःच्या कल्पनेने अठरा रून बनवून 'प्राचीन' म्हणून छापले, आणि त्यातल्या विजेसारख्या खुणेची जोडी पुढे हिटलरच्या एसएस दलाच्या गणवेशावर चढली. आजही स्वीडनमधले नवनाझी एक खरी जुनी रून झेंड्यावर मिरवतात. "म्हणून मनगटावर काय काढायचं ते जरा बघून," एवढंच मी म्हटलं.

दिवस दुसरा : येलिंग

सकाळी आगगाडीने वेजले, तिथून छोट्या गाडीने येलिंग. समुद्रावरचा पूल ओलांडताना सई झोपली होती.

येलिंग म्हणजे एक गाव, एक पांढरं चर्च, चर्चच्या दोन्ही बाजूंना गवताने मढलेल्या दोन टेकड्या आणि दारासमोर दोन दगड. टेकड्या माणसांनी रचलेल्या. उत्तरेच्या टेकडीत लाकडी दफनकक्ष मिळाला, पण आत मृतदेह नव्हता. दक्षिणेच्या टेकडीत तर कक्षही नाही.

दगड आता काचेच्या पेट्यांत आहेत. २०११ मध्ये कुणीतरी त्यांच्यावर हिरवा रंग फवारला होता. पेट्यांमुळे हात लावता येत नाही आणि ढग सरकले की काचेत आपलंच तोंड दिसतं. तरी मोठ्या दगडापुढे माझे पाय थबकले. अडीच मीटरच्या आतबाहेर उंच, वजन सुमारे दहा टन. एका अंगाला लेख, दुसऱ्याला सापाने विळखा घातलेला प्राणी, तिसऱ्याला हात पसरलेला ख्रिस्त, पण क्रूसाऐवजी वेलींच्या फासात. हा ख्रिस्त आज डेन्मार्कच्या पासपोर्टमध्ये छापतात.

लेख असा : हाराल्ड राजाने ही स्मारकं करविली, आपले वडील गोर्म आणि आई थ्यूरा यांच्यासाठी, तो हाराल्ड, ज्याने सगळा डेन्मार्क जिंकला आणि नॉर्वे, आणि डेनांना ख्रिस्ती केलं.

साल ९६५ च्या सुमाराचं. आणि मला एकदम श्रवणबेळगोळ आठवलं. गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतली ती ओळ, 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. तेच वाक्य. अमक्याने करविलं. मी सईला ते सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे दोघांनीही स्वतः काहीच नाही केलं." खरंय. कोरणाऱ्याचं नाव दोन्हीकडे नाही. मात्र २०२३ मध्ये छिन्नीच्या घावांचं त्रिमितीय मोजमाप करून संशोधकांनी मांडलं की येलिंगचा मोठा दगड आणि जवळच्या लेबॉर्गचा दगड एकाच हातचे असावेत. लेबॉर्गच्या दगडावर त्या माणसाने स्वतःचं नाव ठेवलंय : राव्नुंगे-टुए. आणि तो दगडही थ्यूरा नावाच्या राणीसाठीच आहे.

शेजारचा लहान दगड मला जास्त आवडला. तो गोर्मने बायकोसाठी उभारला. थ्यूराला त्यात 'डेन्मार्कचं भूषण' म्हटलंय.

दुपारी बाकावर बसून मी वहीत अक्षरं उतरवली. जुन्या फुथार्कमध्ये चोवीस अक्षरं होती (पहिल्या सहा अक्षरांवरून वर्णमालेला 'फुथार्क' म्हणतात). आठव्या शतकाच्या सुमाराला भाषेत उच्चार वाढले आणि अक्षरं मात्र कमी होऊन सोळा राहिली. उलटाच न्याय! 'क' आणि 'ग' ला एकच अक्षर, 'उ' आणि 'ओ' ला एकच. म्हणून दगडावर 'कोनुंग' म्हणजे राजा हा शब्द 'कुनुक' असा दिसतो. सईला हे वेडेपणाचं वाटलं. मला नाही. मी मोडीचे कागद वाचते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ कोण पाहतं? शब्द सुटे कोण लिहितं? ज्याला वाचायचं त्याला मजकूर आधीच निम्मा ठाऊक असतो.

आणि हाराल्डचं टोपणनाव निळदात्या, म्हणजे ब्लूटूथ. सईच्या कानातल्या यंत्रावरचं चिन्ह म्हणजे त्याच्या नावाची दोन आद्याक्षरं, 'ह' ची आणि 'ब' ची रून, एकीवर एक रचलेली. दोन रून अशा जोडायची रीत जुनीच आहे. आपण जोडाक्षर लिहितो त्यातलाच प्रकार. "म्हणजे मी रोजच घालतेय की," सई म्हणाली आणि कान चाचपले.

याच गावच्या संग्रहालयातून २००७ मध्ये सोन्याच्या शिंगांच्या प्रतिकृतीही चोरीला गेल्या होत्या. लवकरच मिळाल्या. शिंगांच्या पत्रिकेतच चोरी असावी.

दिवस तिसरा : ब्योर्केतोर्प

रात्री लुंडला सईच्या खोलीवर पोचलो, पिठलं-भात केला, सकाळी पुन्हा आगगाडी. रोन्नेबीला उतरून टॅक्सी.

झाडीत तीन उभे दगड, त्रिकोण करून. एकावर रून, उंची चार मीटरहून जास्त. आजूबाजूला कुणी नाही. तिकीट नाही, काच नाही. मान मागे टाकून वाचायला लागतं. लेख सातव्या शतकाच्या आसपासचा, आणि तो शाप आहे. सामर्थ्याच्या रून मी इथे दडवल्या आहेत. जो हे मोडेल त्याला स्वस्थता मिळणार नाही, कपटाने मरण येईल. दुसऱ्या बाजूला एकच ओळ, विनाशाचं भाकीत.

शापातला एक शब्द जाणकार 'नामर्दपणा'च्या अंगाने लावतात, म्हणजे दगड मोडणाऱ्याला घरंदाज शिवी दिली आहे. इथे मला आपले गधेगळ आठवले नसते तरच नवल. शिलाहारांच्या, यादवांच्या काळातले ते दानाचे दगड, वर चंद्र-सूर्य, खाली दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून गाढवाचं चित्र. सईला गधेगळ माहीत नव्हता. मावशीच्या तोंडून त्याचा अर्थ ऐकल्यावर ती इतकी हसली की पाखरं उडाली.

इथली एक दंतकथाही आहे. कुणा शेतकऱ्याला जमीन मोकळी करायची होती. दगड तापवून वर पाणी ओतून फोडावा म्हणून त्याने भोवती लाकडं रचून पेटवली. वारा मुळीच नव्हता. अचानक झुळूक आली, जाळ वळला, त्याच्या केसांनी पेट घेतला आणि तो मेला. दगडाभोवतीची आग मात्र विझली. आम्ही दोघींनी दगडाला हात न लावता फोटो काढले.

दिवस चौथा : र्योक

भाड्याची गाडी. सई चालवणार, मी नकाशा पाहणार. तिच्या गळ्यात ते वेग्विसिर लोंबतच होतं. हस्तलिखितात त्याची फलश्रुती अशी आहे की हे जवळ असेल तो वादळात, वाईट हवेत, अनोळखी वाटेवरही चुकत नाही. आम्ही स्वच्छ उन्हात, पक्क्या रस्त्यावर दोनदा चुकलो. दुसऱ्यांदा एका गोठ्याच्या अंगणात जाऊन थांबलो. गाई आमच्याकडे बघत होत्या. तेव्हा मी १८६० ची गोष्ट सांगून टाकली. सई पाच मिनिटं बोलली नाही, मग म्हणाली, "तू हे तीन दिवस पोटात ठेवलंस?"

गाई पाहून मला फुथार्कचं पहिलं अक्षर आठवलं. त्याचं नाव 'फेहू', अर्थ गुरं, आणि त्यावरून संपत्ती. हा शब्द आणि आपला 'पशु' एकाच मुळाचे. पशुधन म्हणतो ना आपण? 'त' च्या रूनचं नाव 'टिवाझ', ते एका देवाचं नाव, आणि त्याचं मूळ आपल्या 'देव' शब्दाचं. अक्षरांना अशी नावं असल्यामुळे पुढे त्यांच्यावर भविष्य सांगण्याची दुकानं निघाली. झाडाच्या फांदीच्या चकत्यांवर खुणा करून कौल लावण्याची जर्मानिक लोकांची पद्धत रोमन लेखक टॅसिटसने इसवी सन ९८ मध्ये नोंदवली आहे, पण त्या खुणा रून होत्या असं तो म्हणत नाही. दुकानात पिशवीतून मिळणाऱ्या संचात एक कोरी रून असते, ती तर १९८० च्या दशकात घुसवलेली.

र्योकचा दगड चर्चच्या बाजूला एका छपराखाली उभा आहे. जमिनीवर अडीच मीटर. पुढून, मागून, दोन्ही कडांवर, माथ्यावर, सगळीकडे अक्षरं. सुमारे ७६० रून, ज्ञात असलेला सर्वात लांब दगडी रून लेख. काळ साधारण ८०० चा. बाराव्या शतकात तो चर्चच्या कोठाराच्या भिंतीत चिणला होता.

सुरुवात समजते. 'वामोदसाठी या रून उभ्या आहेत. आणि वारिनने त्या कोरल्या, बापाने, गेलेल्या मुलासाठी.' पुढे मात्र कोडी, प्रश्न, थिओडोरिक राजाचं नाव, मधेच सांकेतिक लिपी. कुठून वाचायचं आणि कोणत्या बाजूला वळायचं यावरच दीडशे वर्षं वाद चालू आहे. २०२० मध्ये स्वीडनच्या काही संशोधकांनी मांडलं की यात पराक्रमाच्या कथा नसून सूर्य झाकोळण्याची भीती आहे. ५३६ साली ज्वालामुखींच्या राखेने उन्हाळाच आला नव्हता, त्याची आठवण. सगळ्यांना हे पटलेलं नाही.

मी त्या पहिल्या दोन वाक्यांपुढे गेलेच नाही. येलिंगच्या राजासारखं इथे कुणी 'करविलं' म्हटलं नाही. बापाने स्वतः छिन्नी घेतली होती, निदान लेख तरी तसं म्हणतो. सई दगडाला प्रदक्षिणा घालत होती, डाव्या हाताने की उजव्या ते तिच्या लक्षात नव्हतं.

दिवस पाचवा : स्टॉकहोम

ऐतिहासिक संग्रहालय. गॉटलंड बेटावरची किल्वरची शिळा इथे आहे, १९०३ मध्ये एका थडग्यात मिळालेली. इसवी सन ४०० च्या सुमाराची. तिच्यावर सगळी चोवीस अक्षरं क्रमाने कोरलीत. पूर्ण वर्णमालेचा हा सर्वात जुना पुरावा. अक्षरांची बाजू थडग्याच्या आत होती असं सांगतात. मेलेल्याला अ-आ-इ कशाला? कुणी म्हणतं मंत्र, कुणी म्हणतं मृताने बाहेर येऊ नये म्हणून. मला पाटीवर धुळाक्षरं गिरवणारा कुणी दिसला, पण हा माझा दोष.

ही सगळी अक्षरं सरळ उभ्या आणि तिरप्या रेघांची आहेत, गोलाई नाही, आडवी रेघ नाही. लाकडाच्या तंतूंच्या दिशेने आडवी रेघ मारली तर ती तंतूंत मिसळून जाते. मूळ बहुधा रोमन किंवा इटलीतल्या जुन्या लिप्यांत, पण चाकूच्या पात्याने त्यांना हे रूप दिलं. आपला दौत-बोरू, त्यांचा चाकू.

आणि मग बुद्ध. मेलारन सरोवरातल्या हेल्गो बेटावर १९५० च्या दशकात मिळालेली ब्राँझची मूर्ती, तळहातात मावेल एवढी, पद्मासनात. सहाव्या शतकाच्या आसपासची, आज पाकिस्तानात असलेल्या स्वातच्या खोऱ्याकडची मानतात. कुणाच्या हातून किती हात बदलत ती इथवर आली, कुणी कोरून ठेवलेलं नाही. मी हात जोडले. सुरक्षारक्षक हसला.

पिशव्या, चुंबक, मग यांच्या दुकानात थोर नावाच्या इथल्या जुन्या देवाचा हातोडा हवा तितका. तो मात्र खरा जुना. गळ्यात घालायच्या अशा हातोड्या हजाराच्या घरात सापडल्या आहेत. त्या हातोड्या की आणखी काही, अशी शंका कुणी काढायचं. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या लोलांड बेटावर कोबेलेव इथे एक सापडली, तिच्यावर रूनमध्ये लिहिलंय : 'हा हातोडा आहे.' तिथेही एक अक्षर गाळलंच. आणि कोपनहेगनच्या संग्रहालयात सोनाराचा एक दगडी साचा आहे, त्यात क्रूसही ओतता येतात आणि हातोडाही. गिऱ्हाईक मागेल ते.

"मी मनगटावर हेच गोंदवते, 'हा हात आहे'," सई म्हणाली. ताईला काय सांगायचं याचा मी विचार करू लागले.

दिवस सहावा : तेबी

उप्पलांड प्रांतात हजाराहून जास्त रून दगड आहेत, जगात इतके दाट कुठेच नाहीत. शेताच्या कडेला, चर्चच्या भिंतीत, बसथांब्याजवळ. बहुतेक अकराव्या शतकातले आणि बहुतेकांवर क्रूस. अक्षरं सापाच्या अंगावरून फिरतात, डोळ्याने साप पकडला की वाचता येतं. आज ती लाल दिसतात ती अलीकडे भरलेल्या रंगामुळे. पूर्वीही रंग असायचे, हे कणांवरून कळलंय.

तेबीला यार्लाबांकेचा पूल आहे. पूल म्हणजे दलदलीवरचा भराव, दोन्ही टोकांना दगड. मजकूर : यार्लाबांकेने हे दगड स्वतःच्या स्मरणार्थ जिवंतपणीच उभारले, आपल्या आत्म्यासाठी हा पूल केला, आणि सगळं तेबी त्याच्या एकट्याच्या मालकीचं होतं. एकच दगड नव्हे, असे चार! मजकूर जवळपास सारखाच. आपल्या चौकातले वाढदिवसाचे फलक आठवून मी तिथेच बसले. शेजारच्या वालेन्टुनाच्या दगडावर तर तो सगळा परगणाच आपला म्हणतो.

पण पूल चांगला आहे. अजून माणसं त्यावरून चालतात.

दिवस सातवा : मारीफ्रेड

पाऊस. ग्रिप्सहोम किल्ल्याबाहेरचा दगड तेवढा पाहिला. हा किल्ल्याच्या तळघरात उंबरठा म्हणून वापरला जात होता. टोला नावाच्या बाईने तो मुलासाठी, हाराल्डसाठी उभारला. इंग्वार नावाच्या सरदाराच्या मोहिमेबरोबर हा मुलगा पूर्वेकडे गेला होता. 'ते सोन्यासाठी मर्दासारखे दूर गेले, पूर्वेला गरुडाला खाऊ घातलं, दक्षिणेत सेर्कलांडला मेले.' सेर्कलांड म्हणजे अरबांकडचा मुलूख. गरुडाला खाऊ घालणं म्हणजे शत्रूची प्रेतं पाडणं. अकराव्या शतकातल्या या एकाच मोहिमेची आठवण सांगणारे पंचवीसेक दगड स्वीडनमध्ये आहेत. परत आलेल्यांचा उल्लेख कुठे नाही.

वीरगळांवर खाली लढाई आणि वर स्वर्गातल्या अप्सरा असतात. इथे फक्त गरुड आणि आईचं नाव. सई छत्री धरून उभी होती. म्हणाली, "आईला फोन करते जरा."

दिवस आठवा : बर्गन

शेवटचा मुक्काम नॉर्वेत, माझ्या हट्टाने. १९५५ मध्ये इथल्या ब्रिगेन बंदराच्या जुन्या लाकडी वखारींना आग लागली. राखेखाली उत्खनन झालं आणि चिखलात सहाशेंहून जास्त रून लेख मिळाले. बहुतेक काठ्यांवर, बाराव्या-तेराव्या-चौदाव्या शतकातले. म्हणजे लॅटिन लिपी येऊन स्थिरावल्यावरही लोक खिशातला चाकू काढून रूनमध्ये लिहीत होते. मालाच्या गाठोड्याला बांधायच्या पट्ट्या : 'हे अमक्याचं.' प्रार्थना. लॅटिन कविता. एकावर, 'माझ्या लाडके, मला मुका दे.' काहींवर इथे छापता न येण्यासारखं. आठ दिवस दगड बघून मान अवघडली होती. इथे अक्षरं पहिल्यांदाच हातात धरायच्या मापाची दिसली. (स्वीडनच्या दालार्ना भागात तर रून लिहिण्याची सवय विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली होती.)

या काठ्यांतली मला सर्वात प्रिय एक आहे. तिच्यावर कोरलंय : 'ग्युदा म्हणते, घरी ये.' बस्स. बायको असेल, बहीण असेल, दारूच्या गुत्त्यावर निरोप्याच्या हाती काठी पाठवली असेल, असा सगळे तर्क करतात. मी सईला वाचून दाखवलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताई. दोघींचं विमान किती वाजता, सामान बांधलं का, आणि हाताचं काय ठरलं.

सईने काठीचं चित्र पाठवून दिलं, खाली काही लिहिलं नाही.

त्या काठीच्या दुसऱ्या बाजूलाही काही अक्षरं आहेत. वेडीवाकडी, एकाला एक लागलेली. ती उत्तराची असावीत असं म्हणतात, पण त्यांचा अर्थ आजवर कुणाला लागलेला नाही.